बेरेनथोरेनचा भाटकार

माझी आजी शिमगा सरला की डोंगरावर पातेरा गोळा करायला जायची. सुकी पाने पाटल्यात दाबून भरायची, डोक्यावर घेऊन खाली यायची. थोडा पातेरा गोठ्यात गुरांच्या पायाखाली, थोडा मिरचीच्या वाफ्यात. डोंगर अर्थातच भाटकाराचा. एका वर्षी त्याने राखण्या ठेवला आणि पातेरा बंद केला. ‘रान काय त्याच्या बापाचे?’ असे आजी महिनाभर म्हणत होती. ते खरोखरच त्याच्या बापाचे होते, ही गोष्ट वेगळी!

हे सगळे पुन्हा आठवायचे कारण म्हणजे एक जर्मन भाटकार. त्यानेही नेमके हेच केले, आणि वनशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव झाले.

फ्रीडरिख फोन कालिच हे त्याचे नाव. कामरहेर ही त्याची दरबारी पदवी. अनहाल्ट प्रांतात झेर्प्स्ट गावाजवळ बेरेनथोरेन नावाची त्याची जहागीर होती. १८८४ साली तिचा कारभार त्याने हातात घेतला, तेव्हा तिथले पाइनचे रान अगदी खंगलेले होते. जमीन रेताड. त्यात वर्षानुवर्षे रानातला पालापाचोळा ओढून नेलेला. तिकडचे शेतकरीही तो गोठ्यात घालत आणि मग त्याचे खत करत. म्हणजे आमच्यासारखेच. झाडाने जमिनीला परत द्यायचे ते दर वर्षी शेतात जायचे, आणि रानाच्या वाट्याला नुसती वाळू उरायची.

त्या काळची जर्मन वनविद्या म्हणजे हिशेबाची विद्या. एका वयाची झाडे रांगेत लावायची, ठरलेल्या वयाला पोहोचली की तो तुकडा सरसकट तोडायचा आणि पुन्हा लावायचा. याच परंपरेतली माणसे इंग्रजांनी हिंदुस्थानात आणली. १८६४ साली नेमलेला पहिला वन महानिरीक्षक ब्रांडिस हा बॉनचा. त्याच्यामागून आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. गोवा पोर्तुगिजांकडे असल्यामुळे आपण त्या हिशेबाबाहेर राहिलो.

कालिचने सरसकट तोड बंद केली. रोगट, वाकडे, शेजाऱ्याला दाबणारे झाड आधी काढायचे, चांगले ठेवायचे. पाचोळा न्यायला बंदी. तोडलेल्या झाडांच्या फांद्या-डहाळ्याही जमिनीवरच कुजू द्यायच्या. हळूहळू जमिनीत ओल धरू लागली, आणि मोठ्या झाडांच्या सावलीत पाइनची रोपे आपोआप उगवली. लावायचा खर्च नाही, आणि रान कधी उघडे पडत नाही.

हे जगासमोर आणले आल्फ्रेड मोलरने. हा एबर्सवाल्डेच्या वन अकादमीचा संचालक. मला त्याचे मोठे आकर्षण वाटते. तरुणपणी, १८९० ते १८९३, तो ब्राझीलमध्ये आपल्या मामाकडे होता. हा मामा म्हणजे डार्विनशी पत्रव्यवहार करणारा फ्रिट्झ म्युलर. तिथे मोलरने पाने कापून नेणाऱ्या मुंग्यांचा अभ्यास केला. त्या मुंग्या पाने खात नाहीत, पानांवर बुरशीची शेती करतात, हे त्याने दाखवून दिले. बुरशी आणि कुजणारे पान यांचे महत्त्व ओळखणाऱ्या माणसाला बेरेनथोरेनच्या जमिनीवरचा थर पाहून काय वाटले असेल! १९२० मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला आणि १९२२ मध्ये पुस्तक. या पद्धतीला त्याने नाव दिले ‘डाउअरवाल्ड’, म्हणजे अखंड वन. रान हा एक जिवंत देह आहे, तो मोडू नये, असे त्याचे म्हणणे. पुस्तक निघाले त्याच वर्षी तो वारला.

आता माझ्यासारख्या कारकुनाच्या जिव्हाळ्याचा भाग! मोलरचा सगळा पुरावा दोन नोंदींवर उभा होता. १८८४ ची मोजणी आणि १९१३ ची मोजणी. मधल्या काळात लाकूड काढूनही रानातला साठा खूप वाढला, असे त्यातून दिसत होते. १९२५ साली वीडेमान नावाच्या शास्त्रज्ञाने बेरेनथोरेनची तपासणी केली. त्याचे म्हणणे असे की जुनी मोजणीच कमी धरलेली होती आणि जमीनही समजली जाते तितकी वाईट नव्हती. मूळ आकडा कमी लिहिला की पुढची वाढ आपोआप मोठी दिसते, हे दप्तरात बसणाऱ्याला सांगायला नको. प्रचंड वाद झाला. मला वीडेमानची शंका रास्त वाटते. पण जमिनीवर पाचोळा ठेवला की जमीन सुधारते, एवढे तरी त्या शंकेने खोटे ठरत नाही.

पुढचा प्रकार वाईट आहे. १९३४ साली गोरिंग जर्मनीचा वनप्रमुख झाला. त्याचा वनाधिकारी फोन कोइडेल, हाही एक जहागीरदारच, स्वतःच्या रानात हीच पद्धत चालवणारा. अखंड वन हे सरकारी धोरण झाले. ‘रान हा एक देह’ या वाक्यात रानाऐवजी ‘जर्मन वंश’ घालणे नाझींना अवघड गेले नाही. १९३६ मध्ये ‘शाश्वत वन’ नावाचा प्रचारपट निघाला. पण युद्धाच्या तयारीला लाकूड हवे होते. १९३७ मध्ये कोइडेलला जावे लागले. बिचाऱ्या मोलरचे शब्द मात्र डागाळले ते डागाळलेच.

१९४५ नंतर रशियन अमलाखालच्या भागात शंभर हेक्टरांवरच्या जहागिरी काढून घेतल्या गेल्या. कल्पना मात्र टिकली. १९५० मध्ये पश्चिम जर्मनीत निसर्गानुसार वनशेती करणाऱ्यांची संघटना निघाली. पुढे काउंट हेर्मान हाट्सफेल्ट या उमराव रानमालकाने १९९४ मध्ये पर्यावरणीय वनशेतीवर ग्रंथ संपादित केला.

मोलरचे पुस्तक झाडांबद्दल आहे. कालिचच्या मोजण्याही झाडांच्याच. पाचोळा बंद झाल्यावर त्या शेतकऱ्यांनी गोठ्यात काय घातले, हे विचारायचे माझ्या मनात येत राहते. मालकाला तीस वर्षे थांबता आले, कारण त्याचे पोट त्या पाचोळ्यावर नव्हते.

आमच्या आजीने त्या वर्षी मिरची अर्ध्याच वाफ्यात घातली. उरलेल्या अर्ध्यात काहीच नव्हते. आणि वरच्या डोंगरावर, दोन-तीन पावसाळ्यांनंतर, पाचोळ्यातून किंदळ आणि माट्टीची रोपे वर आलेली मी स्वतः पाहिली आहेत.