खासबाग : जोडीच्या मातीची वाटचाल

कळंब्याच्या तळ्यावर पहाटे पळायला येणाऱ्या पोरांत एखादा तरी तालमीतला निघतोच. त्याची सगळ्यात मोठी गरज खुराकाची नसते, जोडीची असते. ज्याच्याशी लढायचं तीही जोड आणि ज्याच्या संगतीनं वाढायचं तीही जोडच. कोल्हापूरच्या या एका शब्दात खासबाग मैदानाची सारी वाटचाल मावते.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपला गेले, तिथं त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. त्या धर्तीवर खोलगट, कुठूनही आखाडा दिसेल असं हे कुस्तीचं मैदान त्यांनी कोल्हापुरात बांधून घेतलं. १९१२ मध्ये इथं इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या पैलवानांची जोड लागली.

पुढं पिढ्या घडल्या. राजाराम कॉलेजचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं. १९५९ ला श्रीपती खंचनाळे आणि १९६० ला गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. दोघांच्या अंगाला कोल्हापूरचीच माती लागलेली. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद मुरवायची, की ती लोण्यासारखी मऊ होते. पैलवान आधी तिच्या पाया पडतो, मग ती स्वतःच्या आणि समोरच्याच्याही अंगावर टाकतो. पकड घसरू नये, एवढी काळजी त्यानं प्रतिस्पर्ध्याचीही घ्यायची.

चार हजार वर्षांपूर्वीच्या मेसोपोटेमियातल्या काव्यातही अशाच जोडीची गोष्ट आहे. उरूकचा राजा गिल्गमेश दोन हिस्से देव, एक हिस्सा माणूस. त्याला जोड नव्हती, म्हणून त्याचं बळ प्रजेलाच छळू लागलं. लोकांचं गाऱ्हाणं ऐकून आरुरू देवीनं मातीचा एन्किडू घडवला. दोघं दारातच भिडले, भिंती हादरल्या. आणि झुंज संपली तसे ते जिवाभावाचे मित्र झाले. देवदाराच्या रानातल्या हुंबाबाला त्यांनी मिळून मारलं. एन्किडू गेला, तेव्हा गिल्गमेश सहा दिवस सात रात्री त्याचं प्रेत सोडीना. ही कथाही टिकली ती मातीच्याच पाट्यांवर.

खासबागेलाही अशी जोड आहे : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलेलं शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी कुस्ती आणि नाटक एकमेकांच्या शेजारी वसवलं, तीही एक जोडच.

जोड नसलेलं बळ माजतं, जोड मिळालेलं बळ माणसात येतं. म्हणून कळंब्यासह आसपासच्या गावांना एवढंच सांगणं : पोरांना तालमीत धाडा आणि खासबागेत कुस्ती लागली की घरात बसू नका.