घागर, गाडगे आणि पायली : काही घरगुती शब्दांचा इतिहास

गौळण शिकवताना ‘घागर’ या शब्दापाशी आपण फारसे थांबत नाही. ‘पाणी भरण्याचे भांडे’ एवढा अर्थ सांगितला की काम भागते. हा अर्थ चुकीचा नाही. पण हंडा, कळशी, घडा, माठ, रांजण या साऱ्यांना तो सारखाच लागू पडतो, आणि जो अर्थ इतक्या शब्दांना चालतो तो त्यांपैकी कोणाचाच पुरता अर्थ नसतो. पाणवठ्यावरून डोक्यावर किंवा कमरेवर येते ती घागर. कळशी तिच्याहून लहान. माठ पिण्याचे पाणी गार ठेवतो. रांजण घरातला, जागचा न हलणारा. गौळणीत घागर अडवली जाते, फुटते, कारण ती वाटेवर असते. रांजणाच्या वाट्याला ही कथा येणे शक्य नाही. त्याची कथा निराळी आहे. एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देव पाणी भरतो, ती आख्यायिका रांजणाची आहे. रोज भरावे आणि रोज रिते व्हावे, असे न संपणारे घरकाम म्हणजे रांजण भरणे. देवाने कोणते काम पत्करले हे त्या एका शब्दामुळे कळते.

एकाच आकाराच्या भांड्याला प्रसंग बदलताच नाव कसे बदलते, हेही पाहण्यासारखे आहे. नवरात्रात घट बसतो, पूजेत कलश मांडला जातो, संक्रांतीला सुगडे पुजली जातात, आणि अंत्यविधीत फुटते ते मडके. ‘सुगड’ हा शब्द ‘सुघट’ यावरून आला, म्हणजे मुळात तोही घटच. तरीही ‘मडके बसले’ किंवा ‘कलश फुटला’ असे म्हणून चालत नाही. पापाचा भरतो तो घडा, घागर नव्हे. गोरा कुंभारांनी संतांची परीक्षा घेतली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा ‘मडके’ याच शब्दावर उभी आहे. थापटण्याने ठोकून कच्चे-पक्के पाहायचे ते मडक्याचे. कलशाची अशी परीक्षा कोणी घेत नाही.

मडक्याच्या जोडीने येणारा शब्द ‘गाडगे’. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. धातूचे भांडे घासून शुद्ध करता येते, मातीचे विटाळले की टाकून द्यावे लागते, या समजुतीमुळे भांड्याचे द्रव्य जातिव्यवस्थेशी जोडले गेले. पेशवाईच्या काळात पुण्यात अस्पृश्यांना थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मातीचे भांडे अडकवून फिरावे लागे, याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात केला आहे. हेच गाडगे विसाव्या शतकात डेबूजी जाणोरकरांनी स्वतः होऊन हाती घेतले आणि लोकांनी त्यांना ‘गाडगे महाराज’ हे नाव दिले. एके ठिकाणी लादलेले, दुसऱ्या ठिकाणी स्वीकारलेले. ‘मातीचे लहान भांडे’ या कोशातील अर्थात या दोन्हींपैकी काहीच मावत नाही.

मापांच्या शब्दांत हा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण तेथे अर्थ चुकला की हिशेबही चुकतो. आरंभ हातापासून होतो. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ ही माणसाच्या अंगची मापे. शार्ङ्गधरसंहितेत दोन पलांची एक प्रसृति आणि दोन प्रसृतींची एक अंजलि सांगितली आहे. त्या प्रसृतीचा आपला ‘पसा’ झाला आणि अंजलीची ‘ओंजळ’. (ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ‘पसायदाना’शी या पशाचे नाते नाही, तेथील ‘पसाय’ म्हणजे प्रसाद.) भिक्षेला पसा आणि अर्घ्याला ओंजळ, हा भेद व्यवहाराने पक्का केला.

हातानंतर भांडे आले. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, असे साधारण कोष्टक होते. ते प्रदेशाप्रमाणे बदले. गोव्यात वीस कुडवांची खंडी होई. मात्र ही सारी आकारमानाची मापे आहेत, वजनाची नव्हेत. जुन्या कागदांत धान्यापुढे येणारा ‘कैली’ हा अरबी मूळ असलेला शब्द तेवढ्यासाठीच असतो : हे धान्य मोजलेले आहे, तोललेले नाही. शेर आणि मण हे शब्द मात्र दोन्हीकडे चालत. तराजूचा मण चाळीस शेरांचा, वरील कोष्टकातील मापाचा मण चौसष्ट शेरांचा. त्यामुळे जुन्या दप्तरातील खंडीचे सरळ किलोग्रॅम करणारा अभ्यासक फसतो. पायलीभर भात आणि पायलीभर ज्वारी यांचे वजन एक नसते, आणि दोन गावांची पायलीही एक असेलच असे नाही.

शिवाय पायली भरायची कशी? काठोकाठ, की शिगोशीग? मापाच्या काठावर धान्याची जी रास चढते ती शीग. ‘उत्कंठा शिगेला पोहोचली’ असे आपण सहज लिहितो. तो शब्दप्रयोग धान्याच्या मापातून आलेला आहे. वाढीदिढीने धान्य घेणाऱ्या कुळाला ही शीग अलंकारासारखी वाटत नसे. सावकाराने देताना काठोकाठ दिले आणि घेताना शिगोशीग घेतले, तर दिढीच्या वर आणखी वाढ द्यावी लागे आणि ती कोणत्याही कागदावर दिसत नसे. ‘मापात पाप’ ही म्हण अशा अनुभवातून आलेली आहे. खळ्यावर पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. तो लाभ कोणाचा, हे माप कोणाच्या हाती आहे यावर ठरे.

१९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने आली आणि ही मापे बाजारातून गेली. मापाच्या मनमानीतून गरिबाची काही प्रमाणात सुटका झाली, हे विसरून त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. शब्द मात्र गेले नाहीत, ते ढिले झाले. छटाकभर म्हणजे क्षुल्लक, खंडीभर म्हणजे पुष्कळ, शेरास सव्वाशेर म्हणजे वरचढ. नेमकी संख्या गळून पडली आणि कमी-अधिकाची जाणीव तेवढी उरली. जुना मजकूर वाचताना हा आजचा ढिला अर्थ आपण नकळत मागे नेतो. कर्जरोख्यातील खंडी म्हणजे ‘पुष्कळ’ नव्हे; ती मोजून घेतलेली आणि मोजून फेडायची खंडी आहे.

लग्नानंतर नववधू उंबरठ्यावरचे माप ओलांडून घरात येते. पायाने लवंडायचे ते तांदळाने भरलेले धान्याचे माप असे, आणि सांडलेल्या धान्याने घरात समृद्धी यावी असा त्याचा संकेत. आता पुष्कळदा तेथे नक्षीचा कलश किंवा तांब्या ठेवलेला असतो. तरी आपण ‘माप ओलांडले’ असेच म्हणतो. वस्तू बदलली, शब्द टिकला. वर्गात या शब्दाचा अर्थ सांगताना त्या जागी पूर्वी कोणते भांडे होते आणि ते कशाने भरत, एवढे तरी सांगितले पाहिजे.