तिळाचा कूट : खेंगट आणि गोमा-आए

भोगीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सातारा-सांगलीकडच्या घरांत जी मिसळीची भाजी होते तिला खेंगट म्हणतात. वांगी, गाजर, पावट्याचे दाणे, घेवडा, ओला हरभरा, कुठे चार बोरे, कुठे उसाचे तुकडे. भाजी शिजत आली की वरून भाजलेल्या तिळाचा कूट पडतो. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असे म्हणत ही भाजी शेजारीपाजारी वाटलीही जाते. दुसऱ्या दिवशी तिळगूळ होतो, आणि मग तिळाचा डबा फळीवर मागे सरकतो.

आता दुसरी एक वाटी पाहू. जपानी घरांतल्या साध्या जेवणात भात आणि पातळ कालवणाबरोबर भाजीची एक लहानशी वाटी असते. तिच्यात पुष्कळदा असतो तो पदार्थ म्हणजे 'गोमा-आए'. 'गोमा' म्हणजे तीळ आणि 'आए' म्हणजे कालवलेले. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवायचा, लगेच गार पाण्यात टाकायचा, घट्ट पिळून बोटाच्या दोन पेरांएवढा कापायचा. तीळ कोरडे भाजून खलात जाडसर कुटायचे, त्यात थोडी साखर आणि सोयाबीन आंबवून केलेला खारट रस घालायचा आणि पालक त्यात कालवायचा. फोडणी नाही, तेल नाही. तेल तिळातच आहे.

खेंगट शिजवायचे आणि गोमा-आए कालवायचे, एवढा फरक सोडला तर दोन्हींची युक्ती एकच. बी भाजायचे, कुटायचे आणि भाजीला लावायचे. मग जपानात रोजच्या वाटीत बसलेला हा कूट आपल्याकडे भोगीपुरता का उरला? हा प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्याचे उत्तर इतिहासात आणि शेतात शोधावे लागते.

सुरुवात तिळाच्या गावापासून करू, आणि ते गाव आपलेच आहे. लागवडीच्या तिळाचा रानटी पूर्वज भारतीय उपखंडात, विशेषतः पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला, आजही वाढतो. त्याचे शास्त्रीय नावच मलबारावरून पडले आहे. हडप्पाच्या उत्खननात माधोस्वरूप वत्स यांना जळून गोळा झालेले तीळ सापडले. त्यांचा अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. हे तीळ सुमारे चार ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे पोळीच्या गव्हासारखाच तीळही त्या नगरांच्या कोठारात होता. फरक एवढाच की गहू पश्चिम आशियातून आलेला पाहुणा होता आणि तीळ घरचा.

शब्दांचा पुरावा तर आपल्या जिभेवरच आहे. 'तिल' पासून 'तैल', तैलापासून 'तेल'. आज आपण खोबऱ्याचे तेल म्हणतो, सरकीचे तेल म्हणतो, एवढेच काय जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलालाही तेलच म्हणतो. प्रत्येक वेळी नकळत तिळाचेच नाव घेतो. पाणिनीच्या व्याकरणात तिळाच्या शेतासाठी 'तिल्य' आणि 'तैलीन' असे दोन शब्द साधून दिले आहेत. ज्या पिकाच्या शेताला वेगळा शब्द लागतो ते पीक सणापुरते नसते. बृहदारण्यक उपनिषदात तर विदुषी कन्या व्हावी अशी इच्छा असलेल्या जोडप्याने तिळभात तुपाबरोबर खावा असे सांगितले आहे. मुलींच्या शाळेतल्या शिक्षकांनी हा दाखला जरूर वापरावा. आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचा शब्द म्हणजे 'पलल'. कुटलेल्या तिळाला संस्कृतात हे स्वतंत्र नाव आहे. कूट ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात किती जुनी आहे हे या एका शब्दावरून कळते. सांगली जिल्ह्याच्या जत भागात कानडी बोलणारी कुटुंबे तिळाला 'एळ्ळु' म्हणतात. हा द्राविडी शब्दही असाच जुना आहे.

हाच तीळ पश्चिमेला इराक-सीरियाकडे गेला आणि पूर्वेला चीनमध्ये. चिनी लोकांना तो वायव्येकडच्या परक्या लोकांकडून मिळाला. त्या लोकांना ते 'हू' म्हणत, म्हणून तिळाचे नाव पडले 'हू-मा', म्हणजे हू लोकांची भांग. भांग येथे नशेची नव्हे, तागासारखे धागे आणि तेलाचे बी देणारी वनस्पती. हीच दोन चित्राक्षरे जपानात गेली आणि त्यांचा उच्चार झाला 'गोमा'. तीळ हिंदुस्थानचा, पण नावात त्याचा पत्ता नाही. पत्ता आहे तो शेवटच्या विक्रेत्याचा. पालकाचेही तसेच. मूळ इराणच्या बाजूची ही भाजी सन ६४७ मध्ये नेपाळातून चीनच्या दरबारात पोचल्याची नोंद आहे. तेथे तिचे जे नाव पडले त्यातच जपानी 'होरेन्सो' चे मूळ आहे. आपला 'पालक' आणि ते नाव यांत विद्वानांना साम्य दिसले आहे.

तिळाला जपानात रोजची जागा मिळवून देण्यात बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांचा वाटा मोठा आहे. भारतात भिक्षूंनी स्वतः रांधायचे नाही, भिक्षेत मिळेल ते खायचे, असा विनयाचा नियम होता. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरातली लेणी पाहताना हे लक्षात ठेवावे. तेथे राहणाऱ्यांचे जेवण खालच्या गावांतून येई. त्या काळचे 'करहाकट' म्हणजे आजचे कराड इतके भरभराटीचे होते की तेथल्या दात्यांची नावे दूर मध्य भारतात भारहुतच्या स्तूपावर कोरलेली आहेत. चीन-जपानात मात्र मठ डोंगरात दूर, हिवाळा कडक आणि भिक्षेची प्रथा तोकडी. तेव्हा मठातच चूल पेटली आणि आचारी हे मठातले मानाचे पद झाले. जपानी भिक्षू दोगेन १२२३ मध्ये चीनला गेला तेव्हा त्याच्या जहाजावर एक म्हातारा आचारी जपानी अळिंबी विकत घ्यायला आला होता. दोगेनने त्याला रात्री थांबण्याचा आग्रह केला. आचारी म्हणाला, उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. तो ज्या मठातून चालत आला होता त्याचे नाव 'आयुवांग', म्हणजे चक्क अशोकराजा! पुढे १२३७ मध्ये दोगेनने मठाच्या आचाऱ्यासाठी एक छोटा ग्रंथच लिहिला. मांस-मासळी वर्ज्य असलेल्या या मठांत स्निग्धपणा आणि खमंगपणा आणायचा कशाने? तिळाने आणि सोयाबीनने.

कुटण्याचे साधनही पाहण्यासारखे आहे. जपानी खल मातीचा, बाहेरून चकचकीत आणि आतून खरबरीत, त्यावर फणीने ओढाव्यात तशा रेघा. तीळ गुळगुळीत, घसरणारा. रेघांत तो अडकतो आणि लाकडी बत्त्याखाली फुटतो. आपल्या पाट्याला टाकी लावून घेण्यामागे हेच तर कारण आहे. तिळाचा ओशट कूट खलाला सगळीकडून चिकटतो, म्हणून जपानीत 'तीळ वाटणे' म्हणजे खुशामत करणे! आपल्याकडे तीळ तोंडात भिजत नाही तो चहाडखोराच्या, आणि रागाने होतो तो तिळपापड. दोन्ही भाषांत हा दाणा माणसांच्या स्वभावांत शिरला आहे.

भाजल्याने नेमके काय होते? तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते, पण ते पेशींत कोंडलेले असते. कच्चा तीळ चावून पाहा, चव बोथट लागते. भाजताना ओल उडते, टरफल ठिसूळ होते, आणि प्रथिने व शर्करा यांच्या संयोगाने खमंग वासाची नवी द्रव्ये तयार होतात. चमचाभर कच्चे आणि चमचाभर भाजलेले तीळ वर्गात दोन कागदांत गुंडाळून लाटण्याने दाबा, तेलाचे डाग मुलांना स्वतःच मोजू द्या. सालासकट तिळात कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये नऊशे मिलिग्रॅमच्या वर. पण ते बरेचसे सालातल्या ऑक्झलेटमध्ये अडकलेले असते, त्यामुळे सगळे अंगी लागत नाही. पालकातही ऑक्झलेट असते. उकळून पाणी टाकले की त्यातले विरघळणारे ऑक्झलेट बरेच निघून जाते. जपानी आजीबाई पालक पिळते ती चवीसाठी, पण फायदा हाही होतो.

आता परत कृष्णाकाठी येऊ. सातारा आणि सांगली हे फार काळ एकाच मुलखाचे भाग होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या मुलखात आज 'कूट' म्हटले की कोणीही शेंगदाण्याचाच समजतो. कोशिंबिरीत तो, उसळीत तो, साबुदाण्याच्या खिचडीत तो. पण भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या काळापूर्वी तो येथे असणे शक्यच नाही. म्हणजे कूट जुना आणि दाणा नवा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात भुईमुगाचे जुने वाण खालावले होते. तेव्हा शेतीखात्याने बाहेरची वाणे आणली. त्यांतल्या दोन वाणांची नावे होती 'बिग जपान' आणि 'स्मॉल जपान'! गंमत अशी की जपानी लोक भुईमुगाला 'नानकिनमामे' म्हणतात, म्हणजे चीनमधल्या नानकिंगची शेंग. तमिळमध्ये तो 'मणिला' वरून ओळखला जातो. साताऱ्याच्या डोंगरउतारावर पिकणारे आणि चटणीसाठी आवडीचे कारळे मूळचे इथिओपियाचे, पण त्याचे दुसरे नाव खुरासणी. पिकांच्या नावांवरून मूळ देश शोधू नये, हे मुलांना पटवायला एवढी उदाहरणे पुरेत.

भुईमूग कृष्णा-कोयनेच्या काठी असा रुजला की पुढे 'कराड ४-११' नावाचे पसरे वाणही निघाले. तीळ का हटला ते शेतकऱ्याला विचारावे लागत नाही. तिळाचे बोंड पिकले की आपोआप उकलते आणि दाणे जमिनीवर सांडतात. म्हणून ते थोडे आधीच कापायचे, पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या आणि उलट्या धरून झटकायच्या. हे सगळे हाताचे काम. न उकलणाऱ्या बोंडाचे रोप लँगहॅम या संशोधकाला व्हेनेझुएलात १९४३ मध्ये सापडले, तरी अडचण पुरती सुटली नाही. हेक्टरी चार-पाच क्विंटल तीळ निघाला तर निघाला. भुईमूग त्याच्या तिप्पट देतो, पाला गुरांना होतो आणि मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. पाण्याची सोय झाली त्या पट्ट्यातून तीळ गेला आणि बाजरीतले मिश्रपीक म्हणून कोरडवाहू भागात थोडाफार उरला. आम्हाला यात कोणाचाही दोष दिसत नाही. पण पीक बांधावर गेले की पदार्थही सणावर जातो, आणि एका पिढीला वाटू लागते की तो पहिल्यापासून सणाचाच होता.

भुईमुगाचीही पाळी आली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या भागातल्या पुष्कळ शेतांत त्याची जागा सोयाबीनने घेतली. हे पीक पूर्व आशियातले. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने 'फुले अग्रणी' आणि 'फुले संगम' ही त्याची वाणे दिली आहेत. इथला सोयाबीन मात्र आपल्या ताटात बेताचाच येतो. तो गिरणीत जातो, तेल निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात मिसळते. तिकडे जपानात उलटा प्रकार. तिळाशिवाय त्यांचे चालत नाही, पण त्यांच्या शेतात तो जवळजवळ पिकतच नाही. नव्याण्णव टक्क्यांहून अधिक तीळ बाहेरून येतो, बराचसा आफ्रिकेतून.

भोगीच्या आठवड्यात शाळेत हे दोन्ही पदार्थ शेजारी शेजारी करून पाहता येतील. खेंगटाच्या पातेल्यात काय काय पडते त्याची यादी मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावी आणि प्रत्येकापुढे मूळ मुलूख लिहावा. वांगी आणि तीळ इथले, हरभरा पश्चिम आशियाचा, ऊस न्यू गिनीकडचा, मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेचे. नंतर गोमा-आए. पालकाच्या दोन मध्यम जुड्या, सहा चमचे तीळ, दोन चमचे साखर. सोयाबीनचा आंबवलेला रस आता तालुक्याच्या दुकानांतही मिळतो. नसला तर मीठ आणि लिंबू चालेल, मग त्याला जपानी म्हणायचे की नाही हे वर्गाने ठरवावे. आम्ही पालकाऐवजी चाकवत घेऊन पाहिला, तो छान लागला. मेथी मात्र तिळाला दाबून टाकते. खारट रस वाढायच्या वेळीच घालावा, नाहीतर कोशिंबिरीला सुटते तसे पाणी सुटते आणि कूट तळाशी बसतो.