कलेजीतली ‘जळू’ आणि चिखलातली गोगलगाय

शेळी वाळत जाते, जबड्याखाली पाण्याची सूज येते, मेल्यावर कलेजीत पानासारखे चपटे किडे सापडतात. माझ्या दोन शेळ्या अशाच गेल्या. मी त्या किड्याला जळूच समजायचो. तो पर्णकृमी.

इंग्लंडात १८७९-८० च्या ओल्या सालात या रोगानं सुमारे ३० लाख मेंढ्या मेल्या. तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीनं ऑक्सफर्डच्या थॉमस या तरुण शास्त्रज्ञाला कामाला लावलं. किड्याची अंडी लेंड्यांतून पडतात, पाण्यात पिल्लू निघतं, एवढं ठाऊक होतं. पुढं ते जातं कुठं? थॉमसनं ओल्या कुरणांतल्या गोगलगायी वेचून तपासल्या. चिखलातल्या एका बारक्या जातीत १८८२ साली उत्तर मिळालं. जर्मनीत लॉयकार्टनंही त्याच सुमारास तेच शोधलं. गोगलगायीच्या पोटात एका पिल्लाची शेकडो होतात, बाहेर येऊन गवताला चिकटतात, ते गवत जनावर खातं.

आपल्याकडं किड्याची नि गोगलगायीची जात वेगळी, पण फेरा तोच. औषध डॉक्टरांना विचारून द्याच, पण नुसत्या औषधानं फेरा तुटत नाही. मी आता तळ्याकाठी चारत नाही, पाणी हौदावर पाजतो. तुमचं जनावर कुठं पाणी पितं, एकदा बघून या.