एका दाखल्याची गोष्ट: ब्रिटनमधली लिंगनोंद आणि स्त्रियांचे हक्क

मागच्या व्याख्यानात आपण ब्रिटनमधल्या समान वेतनाच्या लढ्यापाशी थांबलो होतो. डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी १९६८ साली संप केला, १९७० साली समान वेतनाचा कायदा झाला, आणि १९७५ साली लिंगभेदाविरुद्धचा कायदा आला. या १९७५ च्या कायद्यात ‘स्त्री’ या शब्दाचा खुलासा एका ओळीत उरकला आहे: कोणत्याही वयाची स्त्रीलिंगी व्यक्ती. लहान मुलीही त्यात याव्यात एवढाच हेतू. आणखी काही सांगायची गरज आहे असं कुणाला वाटलंच नाही. पुढे १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला याच शब्दावर ८८ पानी निकाल द्यावा लागला.

मधल्या पन्नास वर्षांत काय घडलं ते आज बघायचं आहे. या वादात दोन्ही बाजूंकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: हे सगळं अचानक कुठून उपटलं? काहींना वाटतं पारलिंगी माणसं अचानक आली, काहींना वाटतं स्त्रियांचा विरोध अचानक आला. आम्हाला दोन्ही म्हणणी चुकीची वाटतात. का, ते एका दाखल्याच्या गोष्टीतून सांगतो.

एक अडचण आधीच सांगून टाकू. मराठीत आपण ‘लिंग’ म्हणतो तेव्हा शरीराचं म्हणतो की समाजातल्या ओळखीचं, हे स्पष्ट होत नाही. म्हणून स्त्री-अभ्यासकांनी दुसऱ्या अर्थासाठी ‘लिंगभाव’ हा शब्द रूढ केला. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, तेव्हा त्यांचं सोपं असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. त्यांच्या कायद्याने हे दोन शब्द एकाच वाक्यात एकमेकांवर ठेवले, आणि सगळा घोळ तिथेच झाला. त्या वाक्याकडे आपण येणारच आहोत.

सुरुवात एका लग्नापासून. एप्रिल ॲशली ही लिव्हरपूलमध्ये मुलगा म्हणून जन्मलेली मॉडेल. १९६० साली तिने कॅसाब्लांकामध्ये शस्त्रक्रिया करून घेतली. पुढच्याच वर्षी एका वर्तमानपत्राने तिचा भूतकाळ छापला आणि कामं बंद झाली. १९६३ मध्ये जिब्राल्टरला तिचं आर्थर कॉर्बेटशी लग्न झालं. ते टिकलं नाही. तिने पोटगी मागितली तेव्हा नवऱ्याने न्यायालयात सांगितलं की मुळात हे लग्नच नाही, कारण ती स्त्री नाही. न्यायमूर्ती ऑर्मरॉड स्वतः डॉक्टरकीही शिकलेले होते. १९७० च्या फेब्रुवारीत त्यांनी निकाल दिला: गुणसूत्रं, जननग्रंथी आणि जननेंद्रिय ही तिन्ही जन्मतः जे सांगतात तेच लग्नापुरतं लिंग. ‘लग्नापुरतं’ हा शब्द लक्षात ठेवा. माणसाचं सर्व बाबतींतलं लिंग आपण ठरवत नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. पण निकाल आपल्या मर्यादेत राहत नसतात. १९८३ मध्ये हाच निकष फौजदारी खटल्यातही लावला गेला.

त्याआधी काय होतं? काही जणांच्या जन्मनोंदी गुपचूप दुरुस्त होत असत. मायकेल डिलन या डॉक्टरने १९४४ मध्येच आपली नोंद पुरुष अशी बदलून घेतली होती. हा माणूस पुढे बौद्ध भिक्षू झाला आणि १९६२ साली आपल्याकडे डलहौसीला वारला. त्याचं आयुष्य हा एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आज नको. पण १९७० नंतर हा मागचा दरवाजा बंद झाला.

आता दरवाजा बंद म्हणजे रोजच्या जगण्यात काय, ते ख्रिस्तीन गुडविनच्या केसमध्ये दिसतं. आधी बसचालक, चार मुलांचे वडील; १९९० मध्ये सरकारी आरोग्यसेवेतच शस्त्रक्रिया झाली. म्हणजे सरकारने खर्च केला, आणि त्याच सरकारच्या दप्तरात ती पुरुषच राहिली. विम्याचा क्रमांक जुनाच, त्यामुळे नवीन नोकरीत मालकाला जुनी ओळख कळण्याची धास्ती. स्त्रियांना पेन्शन साठाव्या वर्षी मिळे, पुरुषांना पासष्टाव्या. तिला पासष्टपर्यंत हप्ते भरावे लागणार होते. पुरुषाशी लग्न करता येत नव्हतं. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनविरुद्ध अशा केसेस १९८६, १९९० आणि १९९८ मध्ये हरल्या होत्या. ११ जुलै २००२ ला गुडविन जिंकली.

बघा, या लढ्यात दोन मागण्या मुख्य आहेत: लग्न आणि पेन्शन. तिसरी त्याच्या मुळाशी, खाजगीपणा. दर टेबलावर कागद दाखवताना आपलं सगळं आयुष्य उघडं पडू नये, ही मागणी. स्त्रियांचे आश्रयगृह, तुरुंग, आरक्षित जागा यांचा त्या निकालात विषयच नव्हता.

स्ट्रासबर्गला हरल्यावर ब्रिटिश सरकारला कायदा करणं भाग पडलं. तो २००४ चा लिंगभाव-मान्यता कायदा. दोन डॉक्टरी अहवाल, दोन वर्षं त्या ओळखीने जगल्याचा पुरावा, मरेपर्यंत तसंच राहण्याचं प्रतिज्ञापत्र, आणि एका मंडळाची मंजुरी. शस्त्रक्रियेची अट मात्र नाही, आणि त्या काळी हे पुढारलेलं पाऊल होतं. आता ते वाक्य. कलम ९ म्हणतं की प्रमाणपत्र मिळालं की त्या व्यक्तीचा लिंगभाव ‘सर्व कारणांसाठी’ बदलतो, आणि लगेच पुढे कंसात म्हणतं की तिचं लिंगही बदलतं. एका दमात दोन्ही. लग्न आणि पेन्शन या दोन अडचणी सोडवायला ‘सर्व कारणांसाठी’ एवढा मोठा शब्द! त्याच कलमात खाली एक पोटकलम आहे: दुसऱ्या कायद्यात वेगळी तरतूद असेल तर ती लागू. तिकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही.

अपवाद मात्र काही काळजीपूर्वक घातले. आई किंवा बाप म्हणून असलेलं नातं बदलणार नाही. खेळांच्या स्पर्धांत वेगळे नियम करता येतील. आणि सरदारकीचा वारसा बदलणार नाही! म्हणजे लॉर्डची मोठी मुलगी कायद्याने मुलगा झाली तरी धाकट्या भावाची पदवी तिच्याकडे जाणार नाही. (ॲशलीचा नवरा आर्थर कॉर्बेट हाही पुढे वारसाने लॉर्ड झाला, हा योगायोग.) लॉर्डांच्या घरात काय होईल याचा विचार संसदेने नेमका केला. मारहाणीतून पळालेल्या बाईच्या आश्रयगृहात काय होईल, हा प्रश्न कायद्याच्या शब्दांत सोडवला गेला नाही. आम्ही याला कट म्हणत नाही. ज्यांच्या हातात लेखणी असते त्यांना स्वतःची घरं आधी आठवतात, इतकंच.

आणि ही आश्रयगृहं काही सरकारने बांधलेली नव्हती. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिकमध्ये एक घर सुरू झालं, तिथून हे जाळं बायकांनी स्वतः उभं केलं. १९७५ च्या कायद्यातच अशा केवळ स्त्रियांसाठीच्या जागांना अपवादाची सोय होती. २०१० मध्ये सगळे भेदभावविरोधी कायदे एकत्र करून समानता कायदा झाला. त्यात संरक्षण मिळणाऱ्या नऊ गोष्टी मोजल्या आहेत. ‘लिंग’ वेगळं आणि ‘लिंगबदल’ वेगळं. पण प्रमाणपत्र घेतलेली ट्रान्स स्त्री या कायद्यात ‘स्त्री’ धरायची की नाही? २०१० चा कायदा उघडपणे काही बोलला नाही.

काही वर्षं हे न बोलणं खपून गेलं. कारण साधं आहे: २०१८ पर्यंत प्रमाणपत्रं घेणारे लोक पाच हजारांच्या आसपासच होते. वाद तापला तो सुधारणेमुळे. डॉक्टर आणि मंडळ हा प्रकार पारलिंगी लोकांना अपमानास्पद वाटत होता. आपण कोण आहोत ते अनोळखी लोकांची समिती कागद बघून ठरवणार, तीही आपल्याला न भेटता. २०१२ मध्ये अर्जेंटिनाने, २०१५ मध्ये शेजारच्या आयर्लंडने स्वतःच्या घोषणेवर आधारलेला कायदा केला होता. २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने तेच सुचवलं. २०१८ मध्ये सरकारने लोकांची मतं मागवली, एक लाखाहून जास्त उत्तरं आली. २०२० मध्ये सरकारने घोषणेची कल्पना सोडली. पुढे १४० पौंडांची फी फक्त ५ पौंडांवर आणली.

याच काळात स्त्रियांच्या सभा सुरू झाल्या. त्यांतल्या कित्येकजणी डाव्या, कामगार संघटनांत आयुष्य घालवलेल्या. त्यांचा प्रश्न असा: समितीने पारखलेल्या पाच हजारांसाठी लिहिलेले ‘सर्व कारणांसाठी’ हे शब्द, नुसत्या घोषणेवर मिळणाऱ्या प्रमाणपत्रालाही तसेच लागू होणार का? प्रश्न रास्त होता. पण सभांची सभागृहं रद्द झाली, दारात घोषणा झाल्या. दुसरीकडे, शांतपणे नोकरी करणाऱ्या ट्रान्स स्त्रियांना वर्तमानपत्रांत जवळजवळ रोज स्वतःबद्दल धोका म्हणून वाचावं लागलं. हेही तितकंच खरं आहे.

मग स्कॉटलंड. २२ डिसेंबर २०२२ ला तिथल्या संसदेने ८६ विरुद्ध ३९ मतांनी विधेयक मंजूर केलं: निदान नको, वय सोळा, त्या ओळखीने जगण्याचा काळ तीन महिने, सोळा-सतरा वर्षांच्यांना सहा. इथे स्त्रिया विरुद्ध पारलिंगी असं चित्र काढू नका. स्कॉटलंडमधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या आणि घरगुती हिंसेविरुद्धच्या मोठ्या संघटना विधेयकाच्या बाजूने होत्या. संयुक्त राष्ट्रांचे दोन तज्ज्ञ एकमेकांविरुद्ध बोलत होते. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या सरकारने कलम ३५ वापरून विधेयक अडवलं. हे कलम १९९८ पासून पहिल्यांदाच वापरलं गेलं. त्याच महिन्यात, दोन स्त्रियांवरच्या बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्या आणि आरोपानंतर स्वतःला स्त्री जाहीर केलेल्या एका कैद्याला आधी स्त्रियांच्या तुरुंगात नेलं गेलं आणि गदारोळ झाला. ते तुरुंग खात्याच्या जुन्या धोरणाने झालं होतं, अडवलेल्या विधेयकाने नव्हे. पण लोकांच्या मनात दोन्ही एक झालं.

आता या सगळ्यातली खरी गंमत बघा. विधेयकामुळे समानता कायद्याला धक्का लागत नाही, असं स्कॉटलंडचं सरकार संसदेत सांगत होतं. त्याच वेळी, सरकारी मंडळांवरच्या स्त्रियांच्या निम्म्या जागांबद्दल ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेने भरलेल्या खटल्यात तेच सरकार सांगत होतं की प्रमाणपत्राने समानता कायद्यातलं लिंगही बदलतं. मतदानाच्या नऊ दिवस आधी न्यायालयाने हे दुसरं म्हणणं मान्य केलं. झालं! लिंग बदलत असेल तर समानता कायद्याला धक्का लागतोच. लंडनला विधेयक अडवायला कारण मिळालं. स्कॉटलंडचं सरकार खटला जिंकलं आणि त्यामुळेच विधेयक हरायला मदत झाली.

पुढे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने उलट निकाल दिला: समानता कायद्यातला ‘स्त्री’ हा शब्द जैविक लिंगाचा आहे. त्यांनी २००४ च्या त्या दुर्लक्षित पोटकलमाचा आधार घेतला. गरोदरपणाच्या तरतुदी दुसऱ्या अर्थाने लागतच नाहीत, असं सांगितलं. प्रमाणपत्र गुप्त असल्यामुळे कुणाकडे ते आहे हे ओळखणार कसं, हेही विचारलं. ट्रान्स व्यक्तींना लिंगबदलाच्या आधारावरचं संरक्षण कायम आहे असंही बजावलं, आणि हा एका गटाचा दुसऱ्यावरचा विजय समजू नका असं निकाल वाचतानाच सांगितलं. हाच अर्थ २०२२ मध्ये ठरलेला असता, तर विधेयक अडवण्याचं मोठं कारण लंगडं पडलं असतं, असं आम्हाला वाटतं. म्हणजे स्त्रियांच्या जागा सुरक्षित ठेवून दाखला सोपा करणं कदाचित जमलं असतं. प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

आता त्या दाखल्यात काय उरलं? २०१४ पासून समलिंगी विवाह आहेत, तेव्हा लग्नाला लिंग आडवं येत नाही. २०१८ मध्ये स्त्री-पुरुषांचं पेन्शनचं वय एक झालं. गुडविन ज्या दोन गोष्टींसाठी लढली त्या दोन्ही दाखल्याशिवाय सुटल्या. उरला खाजगीपणा. स्वच्छतागृहाच्या दारापाशी तोच पुन्हा धोक्यात आला आहे, असं ट्रान्स स्त्रिया म्हणतात.

‘आपल्याकडे काय?’ हे तुम्ही विचारणारच. संबंध थेट आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात कॉर्बेट आणि गुडविन दोन्ही केसेस तपासल्या, आणि ऑर्मरॉड यांची शारीरिक कसोटी नाकारून मनाची कसोटी धरली. त्याआधी मध्य प्रदेशात कटनीच्या महापौर कमला जान यांची निवड रद्द झाली होती. जागा स्त्रियांसाठी राखीव होती, आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना पुरुष ठरवलं. निकालानंतर, जानेवारी २०२१ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत तसाच प्रसंग आला. स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला. आधार कोणता, तर आयुष्यभर स्त्री म्हणूनच राहीन, फायद्यासाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, हे तिचं म्हणणं. २००४ च्या ब्रिटिश कायद्यातली मरेपर्यंतची प्रतिज्ञा आठवली ना? त्या प्रभागात उभ्या असलेल्या इतर बायकांचं यावर काय म्हणणं होतं, हे न्यायालयात विचारलं जाण्याचं कारण नव्हतं. ते मतदानात ठरायचं होतं. ती निवडून आली.