गृहचौकशी : मूल घरी परतणार की बालगृहात?

काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आढळल्यास, प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर हजर करणे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार बंधनकारक आहे. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांच्यासमोर मूल असते, परंतु त्याचे घर त्यांनी पाहिलेले नसते. ते पाहून येण्याचे काम सामाजिक कार्यकर्त्याकडे किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याकडे सोपविण्यात येते. मूल घरी परतणार की बालगृहात राहणार, हे बहुतांशी त्याच्या अहवालावर ठरते.

कायद्याच्या भाषेत हा ‘सामाजिक तपासणी अहवाल’ होय. महाराष्ट्रातील कार्यालयांत मात्र ‘गृहचौकशी’ हा जुनाच शब्द रूढ आहे. ‘सामाजिक कार्यकर्ता’ या शब्दाने मराठीत चळवळीतील माणसाचाही बोध होतो. येथे अभिप्रेत आहे तो समाजकार्याचे प्रशिक्षण घेतलेला व्यावसायिक. या क्षेत्राशी मुंबईचा संबंध जुना आहे. मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा कायदा १९२४ मध्ये झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था येथेच सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

चौकशी पूर्ण करण्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. अहवालाच्या विहित नमुन्यात कुटुंबातील व्यक्ती, उत्पन्न, निवासाची स्थिती, मुलाचे आरोग्य, शिक्षण, सवयी, मित्रमंडळी, घरच्यांचे परस्परसंबंध आणि घर सोडण्याची कारणे अशा अनेक बाबींची नोंद करावयाची असते. तथापि नमुन्यातील रकाने भरले म्हणजे गरजांचे मूल्यमापन झाले, असे नव्हे. मूल कोठे झोपते, आजारी पडल्यास त्याला दवाखान्यात कोण नेते, आई-वडील कामावर गेल्यानंतर दार कोण उघडते, या साध्या प्रश्नांची उत्तरे रकान्यांपेक्षा अधिक सांगून जातात. अंगणवाडी सेविकेकडे लहान मुलांच्या वजनाच्या नोंदी असतात आणि शिक्षकांकडे हजेरीपट असतो. शेजाऱ्यांकडूनही माहिती मिळते. ती घेताना मात्र मुलाचे प्रकरण गावभर होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते, कारण मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

मुलाशी एकांतात बोलणे हा चौकशीचा सर्वांत नाजूक भाग होय. ज्याच्याविषयी तक्रार आहे, तीच व्यक्ती समोर बसलेली असेल, तर मूल खरे सांगत नाही. “बाबा मारतात का?” असे विचारल्यास उत्तर प्रश्नातच सुचविले जाते. त्याऐवजी कालचा दिवस सकाळपासून कसा गेला, हे मुलाला त्याच्या शब्दांत सांगू देणे इष्ट ठरते. नोंदीची भाषाही जपून वापरावी लागते. ‘आई निष्काळजी आहे’ हे मत झाले. ‘दोन भेटींच्या वेळी आई घरी नव्हती; ती पहाटे पाच वाजता कामावर जाते, असे आजीने सांगितले’ ही वस्तुस्थिती झाली. समितीला निर्णय देता येतो तो दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावर.

खरा पेच येथेच आहे. उपेक्षा आणि दारिद्र्य ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत अनेक मुले आजी-आजोबांकडे राहतात. डिसेंबरमध्ये भेट देणाऱ्यास घरात थकलेली आजी आणि शाळा बुडविणारे मूल दिसेल. त्याच घरी जूनमध्ये गेल्यास आई-वडील भेटतील आणि चित्र निराळे असेल. एका भेटीवरून ‘पालकांनी सोडलेले मूल’ असा शेरा मारला गेल्यास, ज्याला हंगामी वसतिगृहाची गरज होती, ते मूल आपल्या माणसांपासून दूर बालगृहात जाते. याउलट, गरिबीकडे बोट दाखवून मारहाणीकडे डोळेझाक झाली, तर त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते.

केवळ दारिद्र्याच्या कारणावरून मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये, असे संयुक्त राष्ट्र महासभेने डिसेंबर २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. भारतीय कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. म्हणूनच अहवालात केवळ उणिवा मांडून भागत नाही. मुलाला सांभाळण्यास तयार असलेली मावशी, व्यसन सोडू पाहणारा बाप, बचत गटात स्थिरावलेली आई हे कुटुंबाचे बळही लिहावे लागते. पैशांअभावी घर मोडत असेल, तर प्रायोजकत्वाची शिफारस करता येते. मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही मदत मुलामागे दरमहा ४,००० रुपये असून, त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० व अन्यत्र ९६,००० रुपये आहे.

जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या रचनेत सामाजिक कार्यकर्त्यांची पदे दोनच आहेत. डोंगराळ किंवा विस्तीर्ण जिल्ह्यात एका गृहभेटीत अख्खा दिवस जातो, आणि १५ दिवसांची मुदत तर प्रत्येक प्रकरणाला स्वतंत्रपणे लागू असते. त्यामुळे दूरध्वनीवरून माहिती घेऊन अहवाल पूर्ण करण्याचा मोह बळावतो. असा अहवाल नमुन्यात बसतो खरा, पण मूल कोठे झोपते, हे त्यातून कळत नाही.

मूल परराज्यातील असल्यास अडचण वाढते. विदर्भातील मुलगा दक्षिणेतील एखाद्या रेल्वे स्थानकावर सापडला, तर त्याची भाषा जाणणारा दुभाषी आधी शोधावा लागतो. तेथील समितीला गृहचौकशी मुलाच्या मूळ जिल्ह्याकडून मागवावी लागते. ती येईपर्यंत मूल तेथील बालगृहात थांबते. अंतिम आदेशासाठी समितीला पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांचा अवधी असतो. मूळ जिल्ह्याच्या समितीशी विचारविनिमय केल्यानंतर, मुलाच्या हिताचे असेल तरच त्याला तिकडे पाठविण्याचा आदेश दिला जातो. घरी जायचे नाही, असे मूल स्वतः सांगत असेल, तर त्याचे ते म्हणणे आणि त्यामागचे कारण दोन्ही अहवालात नोंदवावे लागतात.