तळटीप : एर्लांग

१. 'एर्लांग' हे कॉलच्या वाहतुकीचे एकक. एक लाइन अखंड व्यापलेली असेल, तर भार एक एर्लांग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी कॉल नाकारला जाण्याची शक्यता काढणारे सूत्र १९१७ साली मांडले. त्यानुसार १० लाइनींवर ५ एर्लांग भार असेल, तर सुमारे १.८ टक्के कॉल परततात. असे दोन गट एकत्र केले, तर जेमतेम ०.२ टक्के. मोबाइल जाळ्याची यंत्रणा क्लाउडवर एकत्र आणण्यामागे हाही हिशेब आहे. लेखकाने एक गृहीतक मात्र सांगितलेले नाही : लाइन न मिळालेला माणूस नाद सोडून देतो, असे हे सूत्र धरून चालते. प्रत्यक्षात तो लगेच पुन्हा फोन लावतो, आणि ऐन गर्दीत भार आणखी फुगतो. — संपा.